दुबळ्या बंधांचे रसायन

(आपल्या मंचाच्या हॅरो येथील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटची प्रश्नोत्तरे जागेअभावी वगळली आहेत.)



गेल्या सभेनंतर चहा घेताना एका ताईंनी मला बाजूला घेतले. त्यांची मुलगी ए-लेव्हलला आहे. मार्क उत्तम आहेत, पण मेडिसिनला जायचे नाही म्हणते, केमिस्ट्री करायची आहे. ताईंनी विचारले, "त्यात स्कोप आहे का गं? तू त्यातलीच आहेस, तू सांग." मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. "मुलीला आवड असेल तर बघा..." वगैरे. घरी जाताना ट्यूबमध्ये मला माझाच राग आला. ज्या विषयात मी डॉक्टरेट केली, जो विषय पोटापाण्याला लागला, त्याच्याबद्दल मला दोन वाक्ये धड बोलता येऊ नयेत? म्हणून चिटणीसांनी "पुढच्या सभेत तुम्ही बोला" म्हटल्यावर लगेच हो म्हणून टाकले. आजचे भाषण हे त्या ताईंना द्यायचे राहिलेले उत्तर समजा. जरा लांबले आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते!

माझा विषय सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री. आपण त्याला 'रेणूपलीकडचे रसायन' म्हणू या. आणि ज्या माणसाच्या निमित्ताने मी बोलणार आहे ते म्हणजे सर फ्रेझर स्टॉडार्ट. २०१६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना फ्रान्सचे ज्याँ-पियेर सोवाज आणि हॉलंडचे बेन फेरिंगा यांच्यासोबत मिळाले. ३० डिसेंबर २०२४ रोजी ते वारले. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. पण या विषयात ज्याने कुणी पीएचडी केली, त्याच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात स्टॉडार्ट असतातच.

आधी थोडे इथल्या मातीबद्दल. आपण बसलो आहोत तिथून फार लांब नाही, रॉक्सेथच्या ख्राइस्ट चर्चच्या आवारात विल्यम हेन्री पर्किन याला पुरले आहे. १८५६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हा मुलगा घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला गेला. मलेरियावर क्विनीन हवे होते, विशेषतः हिंदुस्थानातल्या साहेबांना. क्विनीन काही झाले नाही, पण बाटलीच्या तळाशी जांभळा रंग मिळाला. हा पहिला यशस्वी कृत्रिम रंग. त्याने शिक्षण सोडून कारखाना काढला, तो इथे शेजारीच, ग्रीनफर्डला, कालव्याच्या काठी. त्याचे गुरू हॉफमन नाराज झाले. इतका हुशार विद्यार्थी धंद्यात जातो म्हणजे काय! पर्किनने छत्तिसाव्या वर्षी धंदा विकला आणि उरलेले आयुष्य पुन्हा संशोधनात घालवले. थोडक्यात काय, तर 'स्कोप' हा प्रश्न हॅरोच्या परिसरात जवळजवळ पावणेदोनशे वर्षे विचारला जातो आहे.

आता विषयाकडे येते. शाळेत आपण शिकलो की अणू अणूंना घट्ट धरून ठेवतात आणि त्यातून रेणू होतो. हा बंध पक्का असतो. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. पर्किनचे रसायन, आपल्या औषधांचे आणि प्लास्टिकचे रसायन, हे बहुतांशी असे बंध तोडण्या-जोडण्याचे. पण रेणू रेणूंशीही काही नाते ठेवतात. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युत् भारांची ओढ, पाण्याला टाळून एकमेकांजवळ सरकणे. हे बंध दुबळे असतात. एखादा हायड्रोजन बंध २० किलोज्यूलच्या आसपास. म्हणजे खोलीतल्या उबेनेसुद्धा तुटतो, पुन्हा जुळतो. पण असे पुष्कळ बंध नेमक्या जागी एकत्र आले की काय होते याचे उदाहरण आपल्या प्रत्येक पेशीत आहे. डीएनएच्या दोन पट्ट्या अशाच दुबळ्या बंधांनी एकत्र राहतात आणि गरज पडली की चेनसारख्या उघडतात. त्या पक्क्या बंधांनी चिकटवल्या असत्या, तर आपण जन्मालाच आलो नसतो. दुबळेपणा ही इथे उणीव नाही, तीच सोय आहे.

घरातले उदाहरण हवे असेल तर फेब्रीझची बाटली घ्या. (हशा) भाड्याच्या फ्लॅटमध्ये बोंबील तळल्यावर आणि घरमालक येणार म्हटल्यावर आपण सगळ्यांनी ती वापरली आहे, उगीच नाही म्हणू नका. त्यात सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ असतो. स्टार्चपासून, म्हणजे पिठूळ पदार्थापासून केलेले साखरेच्या घटकांचे वलय. आकार बिनबुडाच्या वाटीसारखा. वासाचा रेणू त्या वाटीत जाऊन बसतो, आणि नाकापर्यंत पोचत नाही. इथे बसलेल्या भूलतज्ज्ञांना सुगामाडेक्स माहीत आहे. ऑपरेशन संपल्यावर स्नायू सैल करणाऱ्या रॉक्युरोनियमचा परिणाम काढून घ्यायला ते देतात. तेही याच जातीचे वलय, थोडे बदललेले. स्कॉटलंडमधल्या ऑर्गॅनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधले गेले आणि २००८ साली युरोपात त्याला मान्यता मिळाली. औषधाचा रेणू रक्तातच वाटीत पकडायचा आणि बाहेर न्यायचा. या प्रकाराला आम्ही 'होस्ट-गेस्ट' म्हणतो, यजमान आणि पाहुणा. पाहुणा आला, बसला, वेळ झाली की गेला. लग्न नाही, पाहुणचार!

या विषयाची सुरुवात कशी झाली हेही आपल्यासारख्यांनी ऐकण्यासारखे आहे. चार्ल्स पेडरसन हा कोरियात जन्मलेला माणूस, वडील नॉर्वेजियन, आई जपानी. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत आयुष्यभर नोकरी केली. डॉक्टरेट केलीच नाही. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना एका प्रयोगात नको असलेला पदार्थ मिळाला. पांढरे स्फटिक, अवघे ०.४ टक्के. पुष्कळांनी ते मोरीत ओतले असते. पेडरसनने त्याचा पिच्छा पुरवला. ते निघाले मुकुटाच्या आकाराचे वलय, आणि पोटॅशियमचा आयन त्याच्या मधोमध नेमका बसत होता. १९६७ साली त्याने हे प्रसिद्ध केले. १९८७ साली डोनल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळाले.

१९६७ सालचा तो निबंध कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात एका पंचविशीतल्या स्कॉटिश मुलाने वाचला. तो फ्रेझर स्टॉडार्ट.

स्टॉडार्ट हे शेतकऱ्याचे एकुलते एक पोर. एडिनबर्गच्या दक्षिणेला मिडलोदियनमध्ये कुळाने कसलेल्या शेतावर वाढले. लहानपणी घरात वीज नव्हती. करमणूक म्हणजे जिगसॉ पझल. तुकडा हातात फिरवून कुठे बसतो ते बघणे. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केले असे ते स्वतः म्हणत. शाळा गावातली, मग एडिनबर्गला. पीएचडी १९६६ साली, विषय अकेशिया झाडांचा डिंक. म्हणजे आपली बाभूळ ज्या कुळातली, ती झाडे! डिंकाचे लाडू खाताना मला दरवेळी त्यांची आठवण येते. डिंक म्हणजे साखरेच्या घटकांच्या लांब, फाटे फुटलेल्या साखळ्या. साखरेच्या रेणूला डावा-उजवा असतो, कोपरे असतात, हे त्यांना तिथे कळले. पेडरसनचे वलय बघितल्यावर त्यांच्या डोक्यात आले की वलयाला साखर जोडली तर वलयालाही डावा-उजवा कळेल. डिंकावरचे काम असे कामी आले. पण डिंकावर पीएचडी करताना "पुढे याचा उपयोग काय?" असे कुणी विचारले असते, तर त्यांना सांगता आले नसते.

१९७० साली ते शेफील्डला आले आणि तिथेच लेक्चरर झाले. १९७८ ते ८१ ही तीन वर्षे मात्र त्यांनी रनकॉर्नला आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. आयसीआयची दोन प्रसिद्ध तणनाशके होती, डायक्वॅट आणि पॅराक्वॅट. पॅराक्वॅटचा रेणू लांबट, चपटा, दोन्ही टोकांना धन भार. हा रेणू मुकुटवलयात बसवता येईल का, हा तिथला प्रश्न. मोठे वलय घेऊन ते जमले. मग स्टॉडार्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डाव उलटा केला. पॅराक्वॅटच्याच दोन तुकड्यांची चौकट करायची आणि तिच्यात दुसरा पाहुणा बसवायचा. १९८८ साली ती चौकट झाली. स्टॉडार्ट ती नेहमी निळ्या रंगात काढत, म्हणून तिचे नाव पडले 'ब्ल्यू बॉक्स'.

इथे मला थोडे थांबायला हवे. पॅराक्वॅट हा शब्द मी प्रथम रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला नाही. सांगली जिल्ह्यात आमच्या उसाच्या बांधावरच्या डब्यावर वाचला. त्या डब्यातले औषध पोटात गेले तर उतारा नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत होते, आणि का माहीत होते ते मी सांगायला नको. २००७ साली युरोपीय न्यायालयाने त्याची परवानगी रद्द केली. एकाच रेणूचा गाभा एका ठिकाणी विष आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नोबेलचा पाया. रेणू निर्दोष असतो असे म्हणून मी हात झटकणार नाही. तो कुणाच्या हातात, कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या कर्जाच्या ओझ्याखाली दिला जातो, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांचाही आहे. आमच्या अभ्यासक्रमात तो नव्हता, असायला हवा होता.

असो. आता बांगडी.

आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी कासार घरी येतो. काचेची बांगडी मनगटापेक्षा मोठी, पण मुठीपेक्षा लहान. कासार हात चेपतो, अंगठ्याचा सांधा आत दाबतो, नवरी "आई गं" म्हणते आणि बांगडी सरकते. एकदा मनगटावर गेली की तिला काही चिकटवलेले नसते, तरी ती पडत नाही, कारण मूठ आडवी येते. रसायनशास्त्रात असे करता येईल का? एका दांडीवर वलय, दांडीच्या दोन्ही टोकांना गठ्ठे. वलय आणि दांडी यांच्यात एकही पक्का बंध नाही, पण वेगळे मात्र होणार नाहीत. याला रोटॅक्सेन म्हणतात. आणि दोन वलये एकमेकांत अडकली, साखळीच्या कड्यांसारखी, तर कॅटेनेन.

ही कल्पना स्टॉडार्टची नाही. १९६० च्या दशकात लोकांनी असे रेणू करून दाखवले होते, पण नशिबावर हवाला ठेवून. वलये आणि दांड्या एकत्र ढवळायच्या आणि चुकून एखादी दांडी ओवली जाईल अशी आशा धरायची. एका प्रयोगात हीच क्रिया सत्तर वेळा केल्यावर सहा टक्के पदार्थ मिळाला. सोवाज यांनी १९८३ साली युक्ती काढली. तांब्याचा आयन मध्ये ठेवायचा, त्याच्याभोवती दोन्ही तुकडे आपणहून येतात, मग कड्या जोडायच्या आणि तांबे काढून घ्यायचे. स्टॉडार्टनी तेच काम निळ्या चौकटीच्या ओढीवर सोपवले. इलेक्ट्रॉनने श्रीमंत तुकडा आणि इलेक्ट्रॉनने गरीब तुकडा एकमेकांवर पानांसारखे रचले जातात. दुबळा बंध त्यांना योग्य जागी आणतो, मग आपण फक्त कडी लावायची. १९८९ साली त्यांनी असे कॅटेनेन ७० टक्के मिळवले. सहावरून सत्तर! आमच्या धंद्यात हा फरक म्हणजे कुतूहलाची वस्तू आणि रोज वापरायची वस्तू यांतला फरक आहे.

१९९१ साली त्यांनी दांडीवर दोन थांबे ठेवले आणि वलय एका थांब्यावरून दुसऱ्यावर ये-जा करताना दाखवले. १९९४ साली ते हवे तेव्हा हव्या त्या थांब्यावर नेता येऊ लागले. रेणूचे यंत्र म्हणतात ते हेच. २००७ साली दुसऱ्या गटाच्या सोबतीने अशा रेणूंची १,६०,००० बिटांची स्मृतिपट्टी केली. बाकी, कासाराची युक्तीही त्यांनी वापरली आहे. वलय आणि गठ्ठ्यांची मापे अशी घ्यायची की गरम केल्यावर वलय चेपून सरकेल आणि थंड झाल्यावर परत येणार नाही. हे मी जेव्हा प्रथम वाचले तेव्हा ग्रंथालयात एकटीच हसले होते.

खरे सांगायचे तर या यंत्रांनी अजून जग बदललेले नाही. ती स्मृतिपट्टी कुणाच्या खिशातल्या फोनमध्ये नाही. ते पुढे होईल, होणारही नाही. पण वाटेत अनपेक्षित गोष्टी मिळाल्या. २०१३ साली त्यांच्या गटातला झिचांग लिउ हा तरुण संशोधक सायक्लोडेक्स्ट्रिन आणि सोन्याचा क्षार मिसळून वेगळेच काही बनवू पाहत होता. भांड्यात भराभर सुया तयार झाल्या. सोने त्या स्टार्चच्या वलयांत जाऊन खाली बसत होते. सायनाइड न वापरता सोने वेगळे काढायची वाट त्यातून दिसली. आपल्या लोकांना उपयोग पटवायचा तर सोन्याहून चांगले उदाहरण कुठले देऊ?

आता आकडे मोजा. पेडरसनचा निबंध वाचला १९६७ साली. शटल १९९१ साली, म्हणजे चोवीस वर्षांनी. नोबेल आणखी पंचवीस वर्षांनी, वयाच्या ७४व्या वर्षी. मध्ये शेफील्ड, बर्मिंगहॅम, मग १९९७ साली लॉस एंजेलिस, २००८ पासून नॉर्थवेस्टर्न, शेवटी हाँगकाँग. आपण स्वतःला स्थलांतरित म्हणवतो, पण हे गृहस्थ आपल्याला भारी होते. २०१६ साली अमेरिकेत काम करणाऱ्या ज्या सहा जणांना विज्ञान आणि अर्थशास्त्राची नोबेले मिळाली, ते सहाही जण अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. स्टॉडार्ट त्यांतलेच एक. व्हिसाच्या चर्चेत हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

पण त्यांचे चरित्र एका माणसाच्या पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगितले की मला खटकते. हजाराहून अधिक शोधनिबंध एका माणसाने लिहिलेले नसतात. ते शेकडो विद्यार्थ्यांनी आणि पोस्ट-डॉक्टरल संशोधकांनी बाकावर उभे राहून केलेले काम आहे. त्यांतले कितीतरी पुढे स्वतः प्राध्यापक झाले. मँचेस्टरचे डेव्हिड ली हे त्यांचे शेफील्डचे विद्यार्थी, आज रेणूंच्या गाठी बांधण्यात जगात त्यांचे नाव आहे. दुसरे, नॉर्मा स्टॉडार्ट. त्याही एडिनबर्गच्या डॉक्टरेट. दोन मुली वाढवता वाढवता त्यांनी नवऱ्याच्या संशोधनगटाचाही भार उचलला. बारा वर्षे कर्करोगाशी झगडून २००४ साली त्या गेल्या. फ्रेझर त्यांचे ऋण उघडपणे मानत, ही चांगली गोष्ट. पण नोबेलच्या यादीत ऋणाला रकाना नसतो. या सभागृहात अशा किती नॉर्मा आहेत, ज्यांची एम.एस्सी.ची किंवा पीएचडीची पदवी नवऱ्याच्या वर्क परमिटबरोबर सूटकेसमध्ये आली आणि तिथेच राहिली? हात वर करायला सांगत नाही. पण घरी जाताना मोजा.

तिसरी गोष्ट शिकवण्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. तिच्यासाठी स्टॉडार्टना थोडे बाजूला ठेवून दुसऱ्या एका शिक्षकाकडे जाते. २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल आमच्याच भावकीला मिळाले, धातू-सेंद्रिय चौकटींना. म्हणजे धातूचे आयन हे सांधे आणि सेंद्रिय रेणू या काठ्या, आणि मध्ये प्रचंड मोकळी जागा, वायू साठवायला. तिघांना मिळाले. जपानचे किटागावा, अम्मानमध्ये पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात जन्मलेले आणि पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेलेले ओमर याघी, आणि यॉर्कशायरहून ऑस्ट्रेलियात गेलेले रिचर्ड रॉबसन.

रॉबसन मेलबर्न विद्यापीठात शिकवत. १९७४ साली पहिल्या वर्षाच्या मुलांना रेणूंची रचना दाखवायची म्हणून त्यांना लाकडी गोळे आणि काड्यांची मॉडेले हवी होती. सुताराला कुठल्या गोळ्याला कुठे भोके पाडायची ते सांगणे भाग होते. भोके पाडून आल्यावर त्यांनी जोडायला घेतले आणि लक्षात आले की भोकांच्या जागेतच सगळी माहिती आहे. गोळे जणू आपणहून बरोबर जोडले जातात. मग खऱ्या अणूंचे असे का करू नये? हा विचार त्यांनी दहाएक वर्षे डोक्यात ठेवला, मग प्रयोगाला हात घातला, आणि १९८९ साली पहिला निबंध प्रसिद्ध केला. नोबेल मिळाले वयाच्या ८८व्या वर्षी. पहिल्या वर्षाचा वर्ग शिकवायचा नसता, तर ते गोळे त्यांच्या हातात आलेच नसते.

ही गोष्ट ऐकली तेव्हा मला आमचे कॉलेजचे सर आठवले. तालुक्याचे कॉलेज, बी.एस्सी.चे दुसरे वर्ष. मॉडेलचा संच कपाटात कुलूपबंद, कारण मोडला तर भरपाई कोण देणार! सरांनी घरून कणकेचे गोळे आणि खराट्याच्या काड्या आणल्या. काडी नेमक्या कोनात टोचायला लावली. मिथेन झाला, इथेन झाला. मग सायक्लोहेक्सेन करताना वलय आपोआप वाकडे झाले आणि वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, हे सपाट का बसत नाही?" ती मुलगी मी. त्या प्रश्नातून मी अजून बाहेर आलेले नाही.

सर पर्मनंट नव्हते. तासिका तत्त्वावर होते. इथल्या तरुण मंडळींना हा शब्द माहीत नसेल. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत जागा भरल्या नाहीत की तासाच्या हिशेबाने प्राध्यापक नेमतात. घेतला तेवढ्या तासाचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळात शिकवणे बंद म्हणून त्याचेही नाहीत. नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले लोक वर्षानुवर्षे असे राहतात, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही हे त्यांना मार्चमध्ये माहीत नसते. अशा माणसाने लाकडी गोळे हातात घेऊन दहा वर्षे विचार कधी करायचा? दुबळ्या बंधाचे मी मघापासून कौतुक करते आहे. पण नोकरीचा दुबळा बंध वेगळा. रेणू सुटून पुन्हा जुळतो, माणूस सुटला की कोचिंग क्लासला जातो किंवा विमा विकतो. आमचे सर पुढे दुकान चालवू लागले.

आणि हे फक्त तिकडचे आहे असे समजू नका. इथे किंग्ज कॉलेजने २००३ साली रसायनशास्त्राचा विभाग बंद केला होता, काही वर्षांनी पुन्हा सुरू केला. एक्सेटरने डिसेंबर २००४ मध्ये तोच निर्णय घेतला. हल विद्यापीठाने २०२४ साली. हल म्हणजे जिथे जॉर्ज ग्रे यांनी १९७३ साली घड्याळापासून टीव्हीपर्यंतच्या पडद्यांना चालणारे द्रव-स्फटिक बनवले ते हल. द्रव-स्फटिक हेही दुबळ्या बंधांचेच काम, आणि त्यामागे एका विभागात वर्षानुवर्षे शांतपणे चाललेला अभ्यास होता. विद्यार्थी कमी, प्रयोगशाळेचा खर्च जास्त, म्हणून आता तो विभाग परवडत नाही.

माझेही तसेच झाले, म्हणून मी हे तिऱ्हाइतासारखे बोलू शकत नाही. पीएचडीनंतर एका विद्यापीठात मी मुदतीच्या करारावर सहा वर्षे होते. शिकवत होते, संशोधनही चालू होते. करार तीनदा वाढला, चौथ्यांदा नाही. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. ईमेल शुक्रवारी संध्याकाळी आली. मी आता एका औषध कंपनीत संशोधन करते. जे औषध पाण्यात विरघळत नाही ते सायक्लोडेक्स्ट्रिनच्या वाटीत बसवून विरघळवायचे, हे माझे काम. पगार चांगला आहे, काम मनापासून आवडते. पण दर सप्टेंबरमध्ये पहिल्या वर्षाचा वर्ग आठवतो. कागदोपत्री मी 'यशस्वी' आहे. ताईंना त्या दिवशी मी गुळमुळीत उत्तर दिले त्याचे कारण हेच होते. स्कोप आहे म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर त्याहून खोटे.

तर ताई, माझे उत्तर असे. मुलीला केमिस्ट्री करू द्या. नोकरी मिळेल. औषधे, बॅटऱ्या, अन्न, पेटंट, पर्यावरण, पुष्कळ जागा आहेत. पण विद्यापीठात राहून शिकवायचे आणि शोधायचे म्हटले, तर रस्ता निसरडा आहे, आणि तो तिच्या हुशारीमुळे निसरडा नाही. तो आपण, समाजाने, तसा ठेवला आहे. हे तिला आधीच सांगा, म्हणजे पुढे काही बिनसले तर ती स्वतःला नालायक समजणार नाही. मी दोन वर्षे समजत होते. आणि चौथ्या वर्षी तिने "मला डिंकावर काम करायचे आहे" म्हटले, तर "त्याचा उपयोग काय" हा प्रश्न निदान पहिल्या दिवशी विचारू नका.

मंचासाठीही माझी एक छोटी सूचना आहे. आपण दरवर्षी गावाकडच्या शाळा-कॉलेजांना काही ना काही देतो. बहुतेक वेळा संगणक देतो, त्यावर आपले नाव लिहितो. या वर्षी वेगळे करू या. डिसेंबरमध्ये आपल्यातले बरेच जण भारतात जाणार आहेत. प्रत्येकाने आपल्या जुन्या कॉलेजात एक दिवस जायचे, आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये सत्कार घेऊन न येता तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांबरोबर बसायचे. त्यांना काय लागते ते विचारायचे. कुणाला शोधनिबंध वाचायला मिळत नाहीत, कुणाला मार्गदर्शक हवा आहे, कुणाला फक्त मॉडेलचा संच हवा आहे, आणि तो कुलपात राहू नये म्हणून मोडला तर भरून देण्याची हमी. परत आल्यावर जानेवारीच्या सभेत काय ऐकले ते सांगायचे. नोकऱ्या पक्क्या करणे आपल्या हातात नाही, ती सरकारची जबाबदारी आहे आणि तिची आठवण आपण पत्रांतून करून देत राहू. तोवर एवढे करू.

माझ्या सरांच्या दुकानात मी मागच्या खेपेला गेले होते. काउंटरच्या मागे बसले होते. मी सुगामाडेक्सची गोष्ट सांगितली, वाटीत औषध पकडायची. त्यांनी बिलाचा कागद उलटा केला, खिशातले पेन काढले आणि म्हणाले, "थांब, वलयात किती साखरा? आठ? मग आतली जागा किती होईल ते काढू." दोन गिऱ्हाइके खोळंबली होती. आम्ही आधी ते गणित पुरे केले.

आता तुमचे प्रश्न.